सातवी बाई

पेंटर गेल्याचं मला इंदूबाईंनी फोनवर सांगितलं. करडीच्या पुढची ती शाळा सोडून मला चार वर्षं झाली, पण तिथे पोरांची खिचडी शिजवणाऱ्या इंदूबाई अजून महिन्या-दोन महिन्यांनी फोन करतात आणि गावातली लग्नं, बाळंतपणं, भांडणं एका दमात सांगून टाकतात. या वेळी त्या थांबत थांबत बोलल्या. "पेंटर गेले जी मॅडम. परवा सकाळी. पोटात दुखे म्हनते, पन कोनाले सांगतलं नाई." मग मी विचारलं नसताना म्हणाल्या, "भित्तीवरचं चित्र हाये अजून. खालून पोपडे निंघून राहिले, पन हाये."

मला रडू आलं नाही. आधी लाज वाटली. ते चित्र बदलायला त्यांना भाग पाडणाऱ्यांत मीही होते, आणि ते का बदलू नये हे कळल्यावरही मी हेडसरांसमोर तोंड उघडलं नव्हतं. माणूस गेला की त्याच्याबद्दल चार चांगले शब्द लिहायची आपल्याकडे पद्धत आहे. मी हे लिहितेय ते त्यासाठी नाही.

नाव सुखदेव, पण ते कागदपत्रांखेरीज कुठे वापरलं जात नसे. मोहाडीच्या बाजारापासून करडीपर्यंत सगळे त्यांना पेंटर म्हणत. लहान पोरंसुद्धा नुसतं 'पेंटर' म्हणायची, पुढे काका नाही की बाबा नाही, आणि तेही मुकाट्याने ओ द्यायचे. उंच, वाळलेली देहयष्टी, पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट. त्या शर्टावर रंगाचा डाग मी कधी पाहिला नाही. भिंतीपासून हातभर लांब उभं राहून ते काम करत आणि दर दोन-चार फटकाऱ्यांनी मान वळवून मागे पाहत. मागे काही नसे. व्हरांड्याचा कठडा, मैदान, हापशी. तरी पाहत. त्यामुळे दुसरा माणूस एका दिवसात उरकेल त्या कामाला यांना चार दिवस लागत, आणि मी मनातल्या मनात चरफडत असे.

पाहत म्हणजे खरं तर मोजत. अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकायचा, ओठ हलायचे नाहीत. शाळेच्या भिंतींवर बाराखडी, पाढे, शरीराचे अवयव रंगवायचं काम त्यांना मिळालं तेव्हा पहिल्याच दिवशी ते माझ्या वर्गाच्या दाराशी येऊन म्हणाले, "जयभीम मॅडम. तुमच्या वर्गात अडतीस हायेत." मी हजेरी आधीच घेतली होती. अडतीसच होते. "मला माहीत आहे," मी जरा फटकूनच म्हटलं. त्यांना काही वाटलं नाही. मधल्या सुट्टीनंतर ते पुन्हा दाराशी. "अडतीस." रोज हाच प्रकार. पोरं त्यांची नक्कल करायची, एकमेकांना बोटांवर मोजायची, आणि मीही एकदा-दोनदा हसले आहे.

मोजायचा हा नाद त्यांच्या धंद्यातही शिरला होता. मोहाडीत एका किराणा दुकानाचा बोर्ड त्यांच्याकडे आला. मालकाचं नाव आणि पुढे 'आणि बंधू', जसं सगळीकडे असतं तसं. पेंटरनी विचारलं, "बंधू किती?" मालक म्हणाला, तीन. पेंटरनी बोर्डावर सुबक अक्षरात लिहिलं, 'आणि तीन बंधू'. मालक भडकला. म्हणे, जगात असा बोर्ड पाहिला का कोणी? पेंटर म्हणाले, "किती जन हायेत ते लिहून ठेवा लागते, भाऊ. नाई तं एखादा कमी झाला तं समजन कसं?" तो बोर्ड तसाच लागला. पुढे एक भाऊ वेगळा निघाला आणि पेंटरना बोलावून तिनाचे दोन करून घ्यावे लागले, ही गोष्ट मोहाडीत लोक अजून हसत हसत सांगतात. नंतर फ्लेक्स आले आणि बोर्डाची कामं संपली. आमच्या शाळेकडे ते आले ते त्यानंतर.

एकदा मात्र कोणी हसलं नाही. मधली सुट्टी संपली, पोरं वर्गात बसली, आणि पेंटर दाराशी येऊन म्हणाले, "सदतीस." मी वैतागले. घाईने मोजले, मला अडतीस भरले. "पुन्हा मोजा जी," ते म्हणाले. हातातला ब्रश त्यांनी दारातच खाली ठेवला होता. पुन्हा मोजले तर सदतीस. मी एका चळवळ्या पोराला दोनदा मोजलं होतं. मग शोधाशोध. माझ्या वर्गातली एक मुलगी खिचडीच्या तांदळाच्या पोत्यांमागे तापाने फणफणलेली झोपलेली सापडली. इंदूबाईंनी तिला उचलून बाहेर आणलं. हेडसर म्हणाले, "सापडली ना? मग झालं." पेंटर हापशीवर गेले, तोंडावर पाणी मारलं आणि त्या दिवशी पुढे काम केलं नाही. एवढं काय मनाला लावून घ्यायचं, असं मला तेव्हा वाटलं होतं.

तक्ते, पाढे संपले आणि व्हरांड्याची लांब भिंत उरली. हेडसर म्हणाले, "तिथे एखादं निसर्गचित्र काढून टाका." टाका म्हणाले, जसं काही अंगण झाडून टाकायचं होतं. पेंटर दोन दिवस त्या कोऱ्या भिंतीसमोर नुसते बसून राहिले. मग दिवाळीनंतर सुरू केलं ते थेट जानेवारीत संपलं.

ते चित्र मी आजवर पाहिलेल्या कुठल्याच चित्रासारखं नव्हतं. आकाश कुठे संपतं आणि जमीन कुठे सुरू होते ते कळत नसे. धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेले शेताचे तुकडे, पाण्याने भरलेल्या, एकावर एक चढत चढत थेट ढगांत गेलेल्या. उजेड वरून नाही, पाण्यातून आल्यासारखा. नाकाडोंगरीकडे दिसतात तसे डोंगर, पण जमिनीपासून सुटून अधांतरी. मोहाचं एक झाड आणि त्याच्या शेंड्याच्याही वर, पाण्यात उभा असावा तसा एक बगळा. कशालाच सावली नाही. ही पहाट की संध्याकाळ यावर पोरं भांडायची. आणि मधोमध, आपल्याकडे तोंड करून, एका रांगेत धान रोवणाऱ्या सात बाया. कमरेत वाकलेल्या, पण मान वर, डोळे सरळ समोर. पोरांनी त्या भिंतीला नाव दिलं, सपनाची भित्त. खिचडीची ताटं घेऊन पोरं तिच्यासमोरच बसायची. मी वर्धेकडची, कापसाच्या मुलखातली. मी पेंटरना म्हटलं, "किती सुंदर झालंय!" ते सात बायांवरून अंगठा फिरवून गेले.

चूक काढली इंदूबाईंनी. ताट धुता धुता चित्राकडे पाहून त्या म्हणाल्या, "मॅडम, ह्या बाया समोर काहून चालून राहिल्या?"

मला कळेना. तेव्हा त्यांनी ओले हात पदराला पुसून मला करूनच दाखवलं. रोवण्यात बाई वाकते, समोर रोप खोवते आणि एक पाऊल मागे सरकते. रोवलेलं तिच्या पुढे राहतं, मोकळा चिखल मागे. चित्रात उलट होतं. हिरवं धान बायांच्या मागे आणि पाणी पुढे. "म्हंजे रोवलेलं सारं तुडवत आल्या ना या!" इंदूबाई म्हणाल्या, "आन् मान अशी वर ठेवून रोवाले गेलं तं दुपारपावतो मान मोडन." दोन दिवसांत गावभर झालं. हापशीवर आलेल्या बाया मुद्दाम व्हरांड्यात डोकावून हसून जायच्या. "पेंटर, कधी बांधीत उतरले होते का जी?" पेंटर अंगठ्याने त्या बायाच मोजून पुढे जात. 

गावाचं हसणं एक वेळ चाललं असतं. पण फेब्रुवारीत बाहेरून एक साहेब शाळा पाहायला आले, आणि ते नेमके धानाच्या घरातले निघाले. चित्रासमोर थांबले, खो खो हसले आणि म्हणाले, "धानाच्या जिल्ह्यातल्या शाळेत धान असं?" हेडसरांचा चेहरा पडला. साहेबांची गाडी वळते न वळते तोच त्यांनी पेंटरना बोलावलं. "धान पुढे घ्या, पाणी मागे घ्या. चार दिवसांचं काम आहे. नसेल जमत तर चुना मारतो."

"चुना मारा," पेंटर म्हणाले.

 दोन-अडीच महिने राबून काढलेलं चित्र हा माणूस पुसायला तयार आहे, पण दुरुस्त करायला नाही, हे हेडसरांच्या डोक्यात शिरेना. त्यांनी मला गाठलं. "तुमचं ऐकतात ते. घरी जाऊन जरा समजवा." माझ्या बदलीचा अर्ज तेव्हा त्यांच्या टेबलावर होता. मी गेले.

पेंटरचं घर विहाराच्या मागच्या गल्लीत. विहारातलं बुद्धाचं चित्र त्यांनीच काढलेलं होतं, त्यामुळे घरात चित्रंच चित्रं असतील असं मी धरून चालले होते. भिंती कोऱ्या होत्या. साधं कॅलेंडरसुद्धा नव्हतं. "दूध नाई जी, काळा चहा चालन का?" म्हणत त्यांनी चहा ठेवला. मी मास्तरणीच्या थाटात सुरुवात केली. चूक सगळ्यांकडून होते, त्यात कमीपणा नाही, पोरांच्या मनावर चुकीचं बिंबू नये वगैरे.

"चूक हाये ना," ते म्हणाले. "मी कुठी नाई म्हन्तो? रोवना मागे सरकूनच होते. मी याच गावचा हाव, मॅडम."

"मग अडतंय कुठे?"

ते उठले. कोपऱ्यातली पत्र्याची पेटी उघडून, घडी घातलेल्या पांढऱ्या पातळाखालून त्यांनी एक कागद काढला आणि माझ्या हातात दिला. पेन्सिलीचं चित्र, पाण्याचे डाग पडलेलं. रोवणा करणाऱ्या बाया. सहा पूर्ण काढलेल्या. सातवीचा फक्त डोक्यावरचा पदर आणि पाठीची एक रेघ.

"हे रत्ना," त्या रेघेवर बोट ठेवून ते म्हणाले. "माही बायको. चौदा वर्सं झाली."

मग त्यांनी जे सांगितलं ते चहा गाळता गाळता, माझ्याकडे न पाहता. "मी डबा घेऊन गेलो होतो. रातभर पानी पडलं होतं. बांधी आन् विहीर एक होऊन गेली होती, वरून सारं सारखंच गढूळ. विहिरीले कठडा नव्हता. ते तिथं हाये हे सातही जनींयले मालूम, मलेही मालूम. मी बांधावर बसलो, कागद काढला. बाया काईतरी बोलून हासून राहिल्या होत्या. मी सातवीचा पदर काढत होतो. मान वर केली तं सहा."

चहाचा कप त्यांनी माझ्यापुढे सरकवला.

"कागदावर सात होत्या, मॅडम. मी पयले कागदच पाह्यला. म्हनलं, माह्यंच मोजाले चुकलं. पुन्हा मोजलं. तेवढा टाइम गेला."

"आवाज नाही आला?" मी विचारलं.

"आला असन. मी रेघ काढत होतो." त्यांनी कागद माझ्या हातातून परत घेतला. "रोवन्यात बाईची मान खाली, पाठ मागच्या अंगाले. मागे काय हाये ते तिले दिसत नाई. म्हनून मी त्यायले समोर चालवलं. मान वर ठेवली. येवढंच."

काय बोलावं ते कळलं नाही की मी काहीतरी बोलतेच. "पण विहिरीला कठडा का नव्हता?" मी म्हटलं. तोंडातून गेलं आणि वाटलं, जीभ झडली असती तर बरं. चौदा वर्षांत हा प्रश्न या माणसाने स्वतःला किती वेळा विचारला असेल! पण ते माझ्याकडे टक लावून पाहत राहिले, जसं काही मी नवीनच बोलले होते.

"नव्हता," ते म्हणाले. "नंतर बुजवली मालकानं."

मला दारापर्यंत पोचवताना म्हणाले, "तिची पात तिथंच राह्यली. बाकीच्यायनं दुसऱ्या दिवशी बांधी पुरी केली, तेवढा पट्टा सोडून. कापनीपावतो तेवढं उघडं दिसे." मी मान हलवली आणि निघाले.

शाळेत हेडसरांनी विचारलं, काय म्हणाले? मी म्हटलं, "बघू म्हणाले." खोटं. हेडसरांच्या खोलीत बसून त्यांना सगळं सांगितलं असतं तर कदाचित ते विरघळलेही असते, माणूस वाईट नव्हता. पण समोर टेबलावर माझा अर्ज दिसत होता, आणि कशाला वाकड्यात शिरा, असं मला वाटलं. मी वर्गावर निघून गेले.

तीन दिवसांनी पेंटर स्वतःच आले. पत्र्याचा डबा सायकलवरून उतरवत हेडसरांना म्हणाले, "करतो. धान समोर घेतो, पानी मागे घेतो. पन एक विहीर काढू द्या लागन." हेडसर खूश. "अहो, एक काय, दोन काढा!" मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "तुमच्यामुळे ऐकलं बरं का त्यांनी. तुमच्या अर्जाचं बघतो मी." मी त्यांना थँक्यू म्हणाले. हेही लिहिलंच पाहिजे.

चार दिवस काम चाललं. बायांना त्यांनी हात लावला नाही. त्या तशाच राहिल्या, मान वर करून समोर पाहणाऱ्या. फक्त त्यांच्या पावलांमागचं हिरवं गेलं, तिथे गढूळ पाणी आलं आणि हिरवं पुढे आलं. शेवटच्या दिवशी सातव्या बाईच्या मागे त्यांनी विहीर काढली आणि विटांचा कठडा सुरू केला. एक थर, दोन थर, तीन थर. मग ब्रश थांबला.

"मॅडम, जरा इकडे या बरं." मी गेले. "या चित्राकडं तोंड करून उभ्या राहा. आता मागे मागे सरका. मागे पाहू नका."

व्हरांड्याच्या काठाला आमच्या शाळेचा कठडा होता, पोरांच्या बेताचा. तो मागे आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी चित्रातल्या त्या सात जोड्या डोळ्यांकडे पाहत उलटं चालताना तिसऱ्या-चौथ्या पावलाला माझे हात मागे चाचपायला लागले. मग कठडा लागला.

"कुठी लागला?"

"मांडीला."

त्यांनी मान हलवली. "मांडीले लागला तं मानूस उलटा पडते. कमरेच्या वर पाह्यजे." ते भिंतीकडे वळले आणि विटांचा चौथा थर चढवला, पाचवा चढवला, सहावा चढवला. मी तिथेच कठड्याला धरून उभी होते.

हेडसर येऊन पाहून गेले. "आता कसं, बरोबर झालं! फक्त विहिरीचा कठडा फार उंच झाला हो. पाणी कसं काढणार?"

"पानी काढाले नाई ते," पेंटर म्हणाले. हेडसर हसले. त्यांना तो विनोद वाटला.

शाळा सुटली होती. पेंटरनी हापशीवर ब्रश धुतले, डबा सायकलला बांधला आणि मला जयभीम करून निघाले. महिन्या-दोन महिन्यांत माझी बदली झाली, त्यामुळे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या दिवशीच. फाटकापाशी जाऊन ते थांबले आणि नेहमीसारखी मान वळवली. अंगठा पेरांवरून फिरायला लागला. फिरला, थांबला, पुन्हा पहिल्यापासून फिरला. त्यांचा चेहरा उतरला. त्या फाटकातून पाहिलं की व्हरांड्याचा एक खांब बरोबर सातव्या बाईच्या आड येतो, हे मला माहीत होतं. मी ओरडून सांगणार होते, तोवर त्यांनी सायकल तिथेच आडवी टाकली आणि त्या वयाला न शोभेल अशा वेगाने मैदान ओलांडून, पायऱ्या चढून, खांब मागे टाकून सातव्या बाईसमोर उभे राहिले. धाप लागली होती. हात भिंतीला टेकलेला, पांढऱ्या शर्टाच्या बाहीला ओला रंग लागला होता, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

"हाये," ते म्हणाले. मला नाही, भिंतीला. "हाये, हाये."